पेटींतील भाता

आमच्या घरीं सबवूफर नांवाची एक जुनी पेटी आहे. हल्लीं हा शब्द प्राथमिक शाळेंतील मुलांसहि तोंडपाठ असतो. तथापि पालकवर्गापैकीं ज्यांस त्याचा परिचय नसेल त्यांच्याकरितां एवढेंच सांगतों कीं, गाण्यांतील अगदीं खालचे, खर्जाचे ध्वनि काढण्यासाठीं जो वेगळा ध्वनिक्षेपक ठेवितात तो सबवूफर होय. त्याचें काम साधारणतः सेकंदास वीस-पंचवीस कंपनांपासून शंभर-सव्वाशें कंपनांपर्यंत चालतें. त्याच्या वरचें सारें गाणें दुसऱ्या लहान पेट्या गातात. आमची पेटी वडिलांनीं सन २००४ मध्यें घेतली. तिच्यावरील कारखान्याचें नांव केव्हांच पुसलें गेलें आहे. बांधणी अगदीं साधी: लांकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, एका बाजूस आठ इंची पडदा, पाठीमागें विजेचा संच बसविलेली पत्र्याची पाटी, आणि पुढच्या अंगास दोन इंच व्यासाचें एक वाटोळें भोंक. त्या भोंकाविषयींच आज लिहावयाचें आहे.

वडील पखवाज वाजवीत. आमचें घर बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस. आद्यकवि मुकुंदराजांची समाधि येथेंच आहे, आणि दरवर्षीं आषाढी वारीच्या वेळीं शेगांवची श्रीगजानन महाराजांची पालखी परळीवरून अंबाजोगाईस येते व पुढें पंढरपुराकडे जाते. अशा गांवांतील मुलाच्या कानांत टाळ-पखवाज पाटी-पेन्सिलीच्या आधीं शिरतो. पखवाजाचें उजवें तोंड शाईचें आणि डावें कणकेचें. डाव्या चामड्यावर भिजविलेली कणीक थापली म्हणजे त्याचें वजन वाढतें व त्याचा स्वर खालीं उतरतो; कणीक वाळूं लागली कीं तो पुन्हां चढूं लागतो, म्हणून वाजविणारा मधून मधून पाण्याचें बोट लावीत असतो. उजव्या अंगाच्या शाईचें रहस्य सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं उकलून दाखविलें. मृदंग व तबला यांच्यासंबंधीं त्यांचा पहिला लेख सन १९२० मध्यें ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत आला. डाव्या अंगाचें शास्त्र मात्र आमच्या आईनें आयुष्यभर परातींत मळलें. एकादशीस आमच्या घरीं कोणी धान्यास शिवत नसे. तरी त्या दिवशीं सायंकाळीं ती न चुकतां मूठभर कणीक भिजवी, आणि ती केवळ पखवाजासाठीं.

वडील जाऊन आतां आठ वर्षें झालीं. सन १९९४ मधील एका सप्ताहांत कोणा हौशी गृहस्थानें त्यांचें वाजविणें कॅसेटीवर घेतलें होतें. ती कॅसेट गतवर्षीं ट्रंकेंत सांपडली, आणि भाच्यानें ती संगणकावर उतरवून घेतली. आम्हीं ती मोठ्या उत्सुकतेनें ह्या पेटीवर लावली. आईला अलीकडे कमी ऐकूं येतें, म्हणून आवाज बराच चढवावा लागला. पहिला अभंग संपला, गजर सुरू झाला, आणि आईचा चेहरा उतरला.

“हा ह्यांचा हात नव्हे रे,” ती म्हणाली. “ह्यांची डावी घुमायची. इथं तर लोहाराचा भाता चाललाय.”

मीं कान देऊन ऐकिलें. खरोखरच, डाव्या हाताची प्रत्येक मोठी थाप पडतांच त्या भोंकांतून ‘फस्स’ असा वाऱ्याचा झोत निघे व त्या फुसफुशींत थापेची घुमारी बुडून जाई. आवाज कमी केला तर फुसफूस नाहींशी होई; पण मग आईला कांहींच ऐकूं येत नसे. धाकटा भाऊ पुण्यास असतो. तो म्हणाला, “दादा, नवा संचच पाठवून देतों.” परंतु आईनें त्यास साफ नकार दिला, पेटी वडिलांनीं आणलेली आहे, तिला काय झालें तें आधीं पाहा, असें तिचें म्हणणें. जून महिना होता, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च उभा होता. म्हणून मींहि ठरविलें कीं, ह्या दुरुस्तीस तीनशें रुपयांपेक्षां अधिक लावावयाचे नाहींत.

आतां हें भोंक पेटीस पाडतात तरी कशासाठीं? विद्यार्थिमित्रहो, एक रिकामी बाटली घ्या व तिच्या तोंडावरून आडवी फुंकर घाला. बाटली एकाच ठराविक सुरांत घुमते. तिच्यांत थोडें पाणी ओता, सूर चढतो. मानेंतील हवा हें एक वजन आणि पोटांतील हवा ही एक स्प्रिंग अशी कल्पना करा. स्प्रिंगेला टांगलेलें वजन जसें आपल्याच एका गतीनें वरखालीं होतें, तशी मानेंतील हवा आंतबाहेर होऊं लागते. पाणी ओतलें कीं स्प्रिंग आंखूड व ताठ होते, म्हणून सूर चढतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) यानें पोकळ गोळ्यांच्या साहाय्यानें ह्या गोष्टीचा सखोल अभ्यास केला व सन १८६३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ती मांडली. पुढें अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील ए. एल. थुरास याला ती ध्वनिक्षेपकाच्या कामीं आणावयाची युक्ति सुचली. पडदा पुढें ढकलतो तेव्हां त्याच्या पाठीमागची हवाहि हलत असते. ती पेटींत कोंडून वायां कां घालवावी? भोंकाला नळी लावून तीच पाठीमागची हालचाल योग्य वेळीं बाहेर काढली तर खालच्या सुरांस बळ मिळेल. त्यानें १९३० मध्यें अर्ज केला व १९३२ मध्यें त्यास पेटंट मिळालें. (१९३० हेंच रामन् यांच्या नोबेल पारितोषिकाचें वर्ष, तें प्रकाशासंबंधींच्या संशोधनाबद्दल होतें, मृदंगाबद्दल नव्हे, हें मला नेहमीं थोडें खटकतें.) पेटीचें आकारमान, नळीची रुंदी व लांबी आणि पडद्याचे गुणधर्म यांचा नेमका हिशेब मात्र बराच उशिरां लागला. तो ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यानें १९६१ मध्यें मांडला व रिचर्ड स्मॉल यानें १९७० नंतरच्या दशकांत पूर्णत्वास नेला. जगांतील बहुतेक कारखाने आज त्याच हिशेबानें पेट्या करतात. स्वस्त पेट्या करणारे मात्र नळीच्या बाबतींत हात आंखडतात, कारण रुंद नळी लांबहि करावी लागते व लांब नळीस पेटींत जागा द्यावी लागते.

येथेंच आमच्या फुसफुशीचें मूळ आहे. केज तालुक्यांत धनेगांव येथें मांजरा नदीवरचें धरण ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें लगेच उमजेल. कालव्यांतून तेंच पाणी संथ, निःशब्द वाहतें. दाराच्या अरुंद वाटेंतून सुटतांना मात्र तें पांढरें होतें व गर्जना करतें, आणि अधिकांत अधिक फेंस दाराच्या तीक्ष्ण कडेशीं उठतो. हवेचें तसेंच. नळी अरुंद असली कीं तेवढीच हवा तिच्यांतून जास्त वेगानें धांवते, आणि नळीचें तोंड करवतीनें कापल्याप्रमाणें धारदार असलें कीं कडेशीं भोंवरे उठतात. ह्या भोंवऱ्यांचाच आवाज म्हणजे ती फुसफूस. पेट्या बांधणारांचा एक ठोकताळा असा कीं, नळींतील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या विसाव्या हिश्शापेक्षां, म्हणजे सेकंदास सुमारें १७ मीटरांपेक्षां, वाढूं देऊं नये. आवाज चढविला कीं वेग वाढतो. म्हणून आईच्या बधिरपणानेंच हा दोष उघडा पाडला असें म्हणावयास हरकत नाहीं. एरव्हीं तो पेटींत निजूनच राहिला असता.

दुरुस्तीपूर्वीं परीक्षा. मोबाइलवर पाहिजे त्या कंपनसंख्येचा शुद्ध सूर काढून देणारीं मोफत साधनें मिळतात. त्यांतील एक घेऊन मीं मंद आवाजांत सेकंदास ३० कंपनांपासून ८० पर्यंत हळूहळू वर गेलों व पडद्यावर अलगद बोट ठेविलें. मोठी मौजेची गोष्ट दिसली. ४८ च्या सुमारास पडदा जवळजवळ स्तब्ध झाला, आणि नळीपाशीं हात नेला तर तेथें वाराच वारा! म्हणजे त्या सुरास सर्व काम नळीच करीत होती. पेटीचा स्वतःचा सूर तो हाच. वडिलांच्या डाव्या थापेचा सूर त्याच्याहून फारसा वर नसावा. म्हणूनच नेमक्या त्या थापेवर भाता फुंकला जात होता.

दुसरी परीक्षा उदबत्तीची. सूर चालू ठेवून पेटलेली उदबत्ती पेटीच्या सांध्यांवरून फिरविली. नळीपाशीं धुराची रेघ तुटून विस्कटे हें अपेक्षितच होतें. परंतु पाठीमागच्या पत्र्याच्या पाटीच्या खालच्या कडेशींहि ती थरथरूं लागली. वीस वर्षांत तेथील जुनी पट्टी वाळून भुगा झाली होती, आणि त्या फटींतूनहि हवा शिट्टी घालीत होती. जुन्या पेटीच्या बाबतींत सर्वांआधीं हें पाहावें असें माझें मत झालें आहे. कारण नळीस दोष देऊन मनुष्य खर्चांत पडतो, आणि अर्धा अपराध फटीचा असतो. दाराखिडक्यांस लावावयाची चिकट फोमची पट्टी चाळीस रुपयांस मिळाली. पेटी उघडण्यापूर्वीं खटका बंद करून विजेची तार भिंतींतून काढली व तासभर तशीच राहूं दिली. आंतील विजेच्या संचांत खटका बंद केल्यावरहि कांहीं वेळ भार सांठून राहतो. मुलांनीं हें काम मोठ्या माणसावांचून करूं नये. पट्टी बसवून पाटीचे स्क्रू आंवळले, तों फुसफूस निम्म्याच्या आसपास उतरली.

उरलेल्या निम्म्यासाठीं पहिला उपाय बिनखर्ची होता: मुलाचा एक जुना सुती मोजा गुंडाळून नळींत घातला. फुसफूस पार गेली. पण तिच्याबरोबर घुमारीहि गेली. भोंक बुजलें म्हणजे थुरास याची सारी युक्तीच बुजली, व पेटी साध्या बंद डब्याप्रमाणें वाजूं लागली. चित्रपटांतील गाण्यांस हें चाललें असतें. ज्यांस नळीची फार कटकट होते व खर्जाची फारशी ओढ नाहीं, त्यांनीं मोजा घालावा आणि स्वस्थ बसावें. ह्याहून स्वस्त उपाय नाहीं. सरबताच्या नळ्यांची जुडी नळींत खोंवण्याचाहि एक प्रकार लोक करतात. तिच्यामुळें हवेचे भोंवरे मोडतात खरे, परंतु वाटहि बरीच अडते. आम्हांला तर डावा हातच ऐकावयाचा होता. तेव्हां नळीच बदलणें प्राप्त झालें.

हिशेब असा. जुनी नळी दोन इंच व्यासाची व दोनच इंच लांब. नळाचें काम करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाकडे पाऊण-तीन इंच, म्हणजे सुमारें सत्तर मिलिमीटर, आंतील व्यासाच्या पी. व्ही. सी. पाइपाचा तुकडा पडला होता. तो त्यानें चाळीस रुपयांस दिला. व्यास फार वाढल्यासारखा दिसत नाहीं. पण तोंडाचें क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतें, म्हणजे हवेचा वेग जवळजवळ निम्मा. मात्र नुसतें भोंक रुंद केलें तर पेटीचा सूर वर चढतो. तो पूर्वीच्याच जागीं ठेवावयाचा तर नळी लांब केली पाहिजे. आमच्या सुमारें तीस लिटरांच्या पेटीस ती साडेचार इंच निघाली. पेटींत तेवढी जागा होती, आणि नळीचें आंतील टोंक समोरच्या फळीपासून बरेंच दूर राहात होतें. तें फळीस जवळजवळ टेकलें असतें तर वाट पुन्हां कोंडली असती.

राहिली कडेची धार. नळीचीं दोन्ही तोंडें सनईच्या प्याल्याप्रमाणें बाहेर उमललेलीं असावींत, म्हणजे हवा हळूहळू पसरते व भोंवरे उठत नाहींत. बाजारांत असे तयार प्याले मिळतात, पण ते मागवावे लागतात व महाग पडतात. येथें मला आमच्या शेतकऱ्यांची विद्या आठवली. बीड जिल्ह्यांत पाइपलाइन टाकतांना पाइपाचें तोंड ऊन करून मऊ करतात व दुसऱ्या पाइपावर चढवून सांधा करतात. हें मीं अनेक शेतांत पाहिलें आहे. ते त्यासाठीं पाचट किंवा गवत पेटवितात. मीं जाळ टाळला, पी. व्ही. सी. पोळलें म्हणजे त्यांतून विषारी वायु निघतो. मोठ्या पातेल्यांत पाणी खळखळ उकळविलें, पाइपाचें एक टोंक त्यांत कांहीं मिनिटें धरिलें, आणि मऊ होतांच पितळी तांब्याच्या गोल बुडावर दाबून धरिलें. एका दाबानें थोडेंच उमलतें. पुन्हां उकळत्या पाण्यांत, पुन्हां तांब्यावर, असें पांच-सहा वेळां करावें लागलें. आई ओट्यापाशीं बसून हें सर्व पाहात होती. तांब्या तिच्या माहेरचा; त्यावर ओरखडा पडूं नये एवढ्याचीच तिला काळजी. बाहेरचें तोंड असें केलें. आंतलें टोंक मात्र भोंकांतून आंत जावयाचें असल्यामुळें उमलवितां आलें नाहीं. तें कानशीनें व पॉलिशपेपरनें घांसून घांसून गोल केलें. नळीच्या आंतील करवतीचे खवलेहि त्याच वेळीं काढले.

पेटीचें भोंक मोठें करावयाचें काम शेजारच्या सुतारानें केलें. तत्पूर्वीं त्याच्या सांगण्यावरून पडदा काढून ठेविला, कारण भुशाच्या फळीचा बारीक चुरा पडद्याच्या लोहचुंबकांत गेला तर पुढें जन्मभर खरखर ऐकावी लागते. त्यानें दोन शब्दांत सांगितलेली ही गोष्ट मला माहितीच्या ढिगाऱ्यांत कोठेंहि आढळली नव्हती. नळी बसवून भोंवतालची फट एम-सीलनें भरली व एक रात्र वाळूं दिली. एकंदर खर्च: फोमची पट्टी ४० रुपये, पाइप ४०, पॉलिशपेपर ३०, एम-सील ४०, सुताराची मजुरी १००, मिळून २५० रुपये.

दुसऱ्या दिवशीं पुन्हां मोबाइलचा सूर लावून पाहिलें. पडदा आतां ४६ च्या सुमारास स्तब्ध होत होता. जुन्या ४८ पासून हा फरक कानास जाणवण्याजोगा नाहीं. पूर्वीं ज्या चढाईवर भाता सुरू होई त्या चढाईवर आतां हाताला वाऱ्याची मंद लहर लागे, आवाज नाहीं. आणखी चढविल्यावर थोडी कुजबुज होई, पण तेथपर्यंत जाण्याचें कांहीं कारण नव्हतें.

एक काम संगणकावरचें उरलें होतें. कॅसेटींत पखवाजाखालीं यंत्राची घरघर व ध्वनिग्राहकास लागलेले धक्के असतात. कानाला ते फारसे कळत नाहींत. पडदा मात्र त्यांच्यामागें निष्कारण धांवतो व नळींतून वारा ढकलीत राहतो. पेटीच्या सुराखालीं तर पडद्यास हवेचा आधारच उरत नाहीं. ऑडॅसिटी नांवाच्या मोफत साधनानें भाच्यानें ३० कंपनांखालचा सर्व भाग कापून टाकला. तसेंच पेटी वळवून नळीचें तोंड आईच्या खुर्चीकडे न ठेवितां भिंतीकडे केलें, भिंतीपासून वीतभर अंतर राखून. खर्ज कोठून येतो हें कानाला नीट कळत नाहीं, म्हणून त्याचें कांहीं बिघडत नाहीं. फुसफूस मात्र समोरून आली तरच बोंचते.

हें लिहितांना आमच्याकडील लग्नाच्या वरातींची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. ट्रॅक्टरवर पेट्यांची भिंत रचून जो खर्ज सोडतात त्यानें घराच्या खिडक्या थडथडतात, छातींत धडकी भरते. त्यांत स्वर कोणता, ताल कोणता, आणि निव्वळ वारा कोणता, हें कोणीं विचारावयाचें? रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सन २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं मनाई केली आहे. नियम कागदावर आहेत आणि वराती रस्त्यावर. ज्यांच्या हातीं अशा पेट्या आहेत त्यांनीं एकदां तरी उदबत्ती घेऊन त्यांच्याभोंवतीं फिरावें.

रविवारीं सायंकाळीं आईस खुर्चीवर बसवून फीत लावली. आवाज पूर्वींइतकाच चढविला होता. पहिला अभंग झाला. गजर सुरू झाला, लय वाढूं लागली, आणि डावी थाप पडूं लागली. रुंद, ओली, मागें बराच वेळ रेंगाळणारी. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें मांडीवर हात ठेवून ताल धरिला होता. गजर संपल्यावर मीं विचारिलें, “आतां कसें वाटतें?”

ती म्हणाली, “त्या दिवशी कणीक जरा सैल झाली होती. मीच भिजवली होती.”

फितीचा सुंईसारखा बारीक ‘स्स’ अजून तसाच आहे. तो कॅसेटीचा आहे, त्याला नळीचा उपाय नाहीं, आणि आईला तो ऐकूं येत नाहीं. ट्रंकेंत आणखी दोन कॅसेटी निघाल्या आहेत. त्यांपैकीं एकीची फीत पावसाळी दमटपणानें आंतल्या आंत चिकटली आहे, व ती ओढून काढण्याचें धाडस अद्याप कोणी केलेलें नाहीं. दुसरीवर वडिलांच्या हस्ताक्षरांत केवळ ‘परळी’ एवढेंच लिहिलेलें आहे. ती दिवाळीपूर्वीं उतरवून घ्यावयाची आहे.